रक्ताचं कुणी

तामलवाडीत दीपमालेच्या कडक भाकरीला नाव होतं. हायवेवरचे ढाबे, तुळजापूरला निघालेल्या गाड्या, सोलापूरच्या दोन खानावळी, सगळीकडं तिच्या भाकऱ्या जायच्या. पातळ, कडेपर्यंत सारख्या, आणि कितीही दिवस ठेवा, वास यायचा नाही. चुलीपुढं बसली की ती बोलायची नाही, आणि बोलली तर समोरच्याला वाटायचं, गप्प होती तेच बरं होतं. भाकरी जाड झाली म्हणणाऱ्या एका ढाबेवाल्याला तिनं तोंडावर सांगितलं होतं, "भाकर हाय तशीच हाय मालक, जीभ जाड झालीया तुमची." दुसऱ्या दिवशी तो मुकाट्यानं टोपली घेऊन हजर. असल्या बाईचं काय वाकडं होतंय, असं गाव म्हणायचं. म्हणायला गावाचं काय जातं.

तिचा नवरा रणधीर लोहाऱ्याकडचा. त्र्याण्णवच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेलं तीन वर्षांचं पोर. गणपती बोळवून घरची माणसं दमून झोपली होती. आई, बाप, आजी, चुलते, पाळण्यातली बहीण, त्यातलं पुन्हा कुणी उठलं नाही. रणधीर वसतिगृहात वाढला, तिथंच ट्रॅक्टर शिकला. लग्नात त्याच्या बाजूनं वसतिगृहाचे म्हातारे गुरुजी तेवढे अक्षता घेऊन उभे होते. दीपमालेच्या आईला, सत्यभामाबाईला, ते स्थळ म्हणजे देवच पावल्यासारखं वाटलं. "सासू न्हाय, सासरा न्हाय, नणंद न्हाय. पोरगी राज्य करील," म्हणाली. पुढं कधी रक्ताच्या माणसाची गरज पडेल, हे कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

दीपमालेचा थोरला भाऊ युवराज रानामाळाचं बघायचा. त्यानंच आपल्या घराशेजारी बहिणीला दोन पत्र्याच्या खोल्या काढून दिल्या. रणधीर त्या खोल्यांत जेवायचा, अंघोळ करायचा, पण झोपायचा मात्र नाही. छप्पर म्हटलं की त्याच्या छातीवर दगड यायचा. थंडी असो, पाऊस असो, त्याची वाकळ अंगणात. पाऊस फारच लागला तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली. शेजारपाजारचे हसायचे. दीपमाला हसली नाही. ती पण वाकळ घेऊन अंगणात आली आणि अंगणालाच घर म्हणू लागली.

बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली. नाव ठेवलं जाई. जाई भिंतीला धरून उभी राहायला लागली, एक हात सोडून बापाकडं बघून हसायला लागली, आणि त्या उन्हाळ्यात तिला ताप भरला. तुळजापूर झालं, सोलापूर झालं. तापानं ऐकलं नाही.

एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट, पण रणधीर अडून बसला. "मातीखाली नको," एवढंच म्हणत राहिला. "जाळू. मातीखाली नको." चार जुन्या माणसांनी समजावलं की तशी रीत नाही. शेवटी युवराजच्या रानात, बांधावरच्या लिंबाखाली त्यानं स्वतःच्या हातानं खड्डा खणला, पण माती लोटेना. खोरं टाकून तिकडं पाठ करून उभा राहिला. माती युवराजनं लोटली, वर धोंडे रचले, कुत्री उकरू नयेत म्हणून बाभळीच्या फांद्या ठेवल्या. त्या दिवसापासून नवराबायकोत भांडण झालं नाही आणि धड बोलणंही झालं नाही.

दसऱ्यानंतर रणधीर ढोकीकडं ऊस वाहायला गेला. दरसाल जायचा. मधूनमधून त्याचा फोन यायचा. "जेवलास का?" "व्हय." "थंडी हाय का?" "हाय." संक्रांत झाली आणि फोन बंद झाला. ट्रॅक्टरमालकानं सांगितलं की एका सकाळी चावी सीटवर ठेवून माणूस निघून गेला, कुणाला काही बोलला नाही. युवराजनं ठाण्यात जाऊन माणूस हरवल्याची खबर दिली. दीपमाला भाकऱ्या थापत राहिली.

शिमग्याच्या सुमाराला ढोकीकडच्या ठाण्याचा हवालदार सिद्धाराम मोटारसायकलवर आला. त्यानं दारात बूट काढले. पोलीस बूट काढून घरात आला की समजावं, बातमी बरी नाही. पाण्याचा तांब्या हातात धरूनच त्यानं सांगितलं. एका फडाला आग लागली होती, वाळल्या पाचटानं पेट घेतला आणि सगळा ऊस जळाला. जळका ऊस तोडायला गेलेल्या टोळीला सरीत एक माणूस मिळाला. झोपेत असावा. अंगावर कापड राहिलेलं नव्हतं आणि चेहरा तर नव्हताच. पुरुष होता आणि उंची रणधीरएवढी होती.

"कोण झोपतंय ओ उसात थंडीचं?" युवराज म्हणून गेला. उघड्यावर झोपणारा माणूस त्याच्याच घरचा होता.

सिद्धाराम दीपमालेकडं वळला. त्याचा आवाज अंगाच्या मानानं बारीक होता. "डाक्टरनी मांडीचं हाड अन दाढ काढून ठिवलीया ताई. कोरडं करून, कागदात बांधून, लाखेचं सील मारलंय. बाकीचं पुरलं. आता ते हाड कुणाचं हे सांगायला रक्ताचं कुणी पायजे. आई, बाप, भाऊ, बहीण. रक्ताचं कुणी हाय का?"

दीपमालेनं पिठाचा हात पदराला पुसला आणि पुढं केला. "माझं घ्या."

"बायकोचं चालत न्हाय."

"का न्हाय चालत?"

"तुमचं रक्त तुमच्या आईबापाचं. त्यांचं त्यांच्या आईबापाचं. दोन्हीचा मेळ बसत न्हाय."

"इतकी वरसं त्याच्या नावाचं कुंकू लावलं. त्याच्या संगं अंगणात गारठ्यात झोपले. ते कुठं गेलं मग?"

सिद्धारामनं तांब्या खाली ठेवला. त्यानं चुलता आहे का, चुलतभाऊ आहे का, असं विचारून बघितलं. सत्यभामाबाई म्हणाली, "एका रातीत गेली ओ सगळी." मग त्यानं दुसरी वाट सांगितली. रणधीरच्या वापरातली एखादी वस्तू, दाढीचं पातं, फणी, नाहीतर त्याच्या अंगातलं एखादं कापड. पातं तो बरोबर घेऊन गेला होता. दात बाभळीच्या काडीनं घासायचा. फणी सगळ्या घराची एकच. पण एक सदरा होता.

तो सदरा दाराआड खुंटीला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं अंगातनं काढून टाकलेला. त्याला डिझेलचा, घामाचा वास होता. सत्यभामाबाईनं दोनदा धुवायला काढला, दोन्ही वेळा दीपमालेनं तो तिच्या हातातून ओढून परत खुंटीला लावला. दार लावलं की ती त्यात तोंड घालायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, सिद्धारामला तर नाहीच. "हाय एक सदरा," एवढंच म्हणाली.

"मग झालं काम. परवा पंच घिऊन येतो. तवर जपून ठिवा."

आता जे झालं त्यात दोष कुणाचा, ते ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्याकडं एक शिस्त आहे. दुसऱ्याच्या हातात द्यायची वस्तू स्वच्छ करून द्यायची. शेजारणीची वाटी आली तर घासून परत जाते, पाहुण्याचा टॉवेल धुऊन घडी घालून जातो. मळकी वस्तू परक्याच्या हातात गेली तर लाज त्या वस्तूची नसते, घरातल्या बाईची असते. आणि इथं तर सरकारात सदरा जाणार होता. मोठमोठे डॉक्टर तो उलगडून बघणार, रणधीरची बायको नवऱ्याला कसल्या कापडात ठेवायची ते त्यांना दिसणार. दीपमाला दोन दिवस त्या सदऱ्याकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मन घट्ट केलं, सदरा खुंटीवरनं काढला, शेवटचा एकदा तोंडाला लावला आणि सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकला. कॉलर ब्रशनं घासली. नीळ दिली. वाळल्यावर तांब्यात विस्तव घालून इस्त्री केली आणि बटणं लावून चौकोनी घडी घातली.

सिद्धाराम आला तेव्हा तिनं ती घडी ताटात ठेवून त्याच्यापुढं केली.

त्यानं घडीला हात लावला नाही.  ओट्यावर बसला. "धुतला व्हय ताई."

"धुतला. मळका कसा द्यायचा?"

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं समजावून सांगितलं. त्या मळातच रणधीर होता. घामात, कॉलरच्या काळ्या रेघेत, त्यात. साध्या धुण्यात एखाद्या वेळी काही राहतं, पण उकळत्या सोड्यात काय राहायचं. तरीही त्यानं सदरा कागदी पिशवीत घातला, सील केला, पाठवला. पुढं कळलं की त्यातून काही निघालं नाही. दीपमाला त्या दिवशी रडली नाही, पण चुलीवरची भाकरी जळून कोळसा होईपर्यंत तव्याकडं बघत बसली. आपल्या हातानं आपण नवरा धुऊन टाकला, हे तिला पुरतं कळलं होतं.

जाता जाता सिद्धारामनं एकदा विचारलं होतं, "लेकरूबाळ काय?"

"हुतं," सत्यभामाबाई म्हणाली. सिद्धारामनं मान खाली घातली आणि पुढं काही विचारलं नाही. त्याच्या मनात ते आलं असणारच. पण काही गोष्टी माणूस पोलीस असला तरी तोंडातून काढत नाही.

मधले दिवस वाईट गेले. बाई विधवा असली की गावाला तिच्याशी कसं वागायचं ते ठाऊक असतं, सवाष्ण असली तरी ठाऊक असतं. दीपमाला दोन्हीत नव्हती. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, पण करंडा तिच्यापाशी आला की बोटं थबकायची. कुणी लावायचं, कुणी दुसऱ्याच कुणाशी बोलत पुढं जायचं. तिला पण कळत नव्हतं. फोन वाजला की धावायची, आणि धावता धावता वाटायचं, जळून गेलेल्या माणसाच्या फोनकडं आपण धावतोय. एक दिवस ती आईला म्हणाली, "मला एकदा कळू दे. रडायचं का वाट बगायची, तेवढंच. दोन्ही न्हाय हुईत माझ्यानं."

दुसऱ्या दिवशी तिनं चूल पेटवलीच नाही. एस्टीत बसून ढोकीकडं गेली आणि ठाण्यात सिद्धारामपुढं उभी राहिली.

"मातीत पुरलेल्या हाडातनं कळतंय का?"

सिद्धारामनं पेन खाली ठेवलं. "बसा ताई."

"बसत न्हाय. कळतंय का तेवढं सांगा. लेकरात बापाचं अर्धं असतंय ना?"

"असतंय."

"मग उकरा."

घरी वादळ उठलं. युवराज तसा वाईट माणूस नव्हता, बहिणीवर त्याचा जीव होता. पण त्याची बायको शिवांजली पोटुशी होती, आणि जाई त्याच्याच बांधावर होती. "गाडलेलं लेकरू उकरत्यात का कुठं? घरात बाळंतपण तोंडावर आलंय अन तू रानातलं मढं उकरायला निघालीस? वंशाला लागतंय असलं." सत्यभामाबाई लेकीला म्हणाली, "दिपे, झाकली मूठ हाय, झाकलेलीच राहू दे." दीपमालेनं दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तिच्यावर माती तू लोटलीस. ती काढायची तर म्या काढीन, तू यिऊ नको."

तहसीलदारांचा हुकूम आला. वैशाखाची सकाळ होती, ऊन चढायच्या आत उरकायचं ठरलं. नायब तहसीलदार, एक तरुण डॉक्टर, सिद्धाराम, दोन पंच आणि खोरं धरायला एक मजूर, एवढी माणसं. युवराज नको म्हटलं तरी आला आणि लिंबाच्या पलीकडं लांब उभा राहिला. दीपमालेनं जागा दाखवली. धोंडे एकेक करून बाजूला झाले. वरची माती मजुरानं काढली, नंतर डॉक्टर स्वतः गुडघ्यावर बसला आणि लहान खुरप्यानं, मग ब्रशनं काढू लागला. त्यानं हातमोजे घातले होते, तोंड बांधलं होतं, आणि सगळ्यांना लांब उभं राहायला, खड्ड्यावर वाकून बोलू नका म्हणून सांगितलं होतं.

कुंची आधी दिसली. लाल कुंची मातीच्या रंगाची झाली होती, पण तिच्या कडेची जर तशीच होती. दीपमाला पुढं झाली. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात नव्हतं, हात आपोआप गेले.

डॉक्टरनं दोन्ही हात आडवे केले. "ताई, हात लावू नका. तुमचं त्यात मिसळेल."

आईचा हात लागला तर लेकरू बिघडेल, असा याचा अर्थ होता. त्याच्या शास्त्रात ते खरंच होतं, आणि तो बिचारा वाईट मनानं बोललेला नव्हता. पण दीपमालेच्या कानात ते वाक्य गेलं ते कायमचं. ती मागं सरली. दोन्ही हात काखेत दाबून, लेकरू समोर असून न घेता, उन्हात उभी राहिली.

डॉक्टरनं मांडीचं एक हाड घेतलं. तळहातावर मावेल एवढं. जबड्यातला, अजून बाहेर न आलेला एक दात घेतला. दोन्ही सावलीत कागदावर वाळत ठेवलं. प्लॅस्टिक का नको, ते तो पंचांना सांगत होता. आत घाम धरतो, बुरशी येते, हाडातलं वाचायचं ते खराब होतं. मग कागदाची घडी, वर कागदी पाकीट, लाख वितळवून शिक्का, पंचांच्या सह्या. दीपमालेचं रक्त पण घेतलं, लेकरू तिचंच आहे हे ठरवायला. बाकीचं सगळं त्यानं परत कुंचीत ठेवलं आणि बाजूला झाला.

"आता लावू का हात?" दीपमालेनं विचारलं.

"आता लावा."

ती खड्ड्याशी बसली. दुधाची वाटी आणली होती ती रिती केली. कुंची सारखी केली. मग एकदम वर बघून डॉक्टरला म्हणाली, "एका पायाची झाली ओ. उबी राहायला शिकली हुती." डॉक्टर तरुण होता, त्याचं तोंड बांधलेलं होतं म्हणून बरं झालं. या खेपेला माती दीपमालेनं स्वतः लोटली.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. शिवांजलीला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत झाला, वंशाला काही लागलं नाही. बारशाला दीपमालेला कुणी बोलावलं नाही. भिंतीपलीकडून पाळणा म्हटलेला तिला ऐकू आला. तिनं भाकऱ्यांची एक टोपली कमी बांधली आणि लवकर दिवा मालवला.

दिवाळी झाल्यावर सिद्धाराम आला. आईला आणि युवराजलाही बोलवा म्हणाला. मग त्यानं लिहून आणलेलं न वाचता सरळ सांगितलं. "लेकरू तुमचं हाय ताई, त्यात वाद न्हाय. पर उसात जळालेला माणूस त्या लेकराचा बाप न्हाय. मेळ बसत न्हाय."

दीपमालेला पहिल्यांदा कळलं ते एवढंच की तो मेलेला नाही.  कितीक महिन्यांनी ती हसली. "म्हंजे तो न्हाय तो," म्हणाली. "जळालेला तो न्हाय." तिनं भावाकडं बघितलं, आपल्याबरोबर तोही हसेल म्हणून.

युवराज जमिनीकडं बघत होता. सत्यभामाबाईनं पदर तोंडाला लावला होता. सिद्धाराम उगीच टोपी साफ करत होता. दीपमालेचं हसू उतरत गेलं. मग युवराज हळूच म्हणाला, "उंची तीच हुती. उघड्यावर झोपणारा बी तोच. तो मेला न्हाय तर मग कुठंय? अन तो मेलाय, तर मग..." पुढचं त्यानं सोडलं.

"तर मग काय, दादा?"

"काय न्हाय."

"बोल की. तर मग जाई कुणाची, आसंच ना?"

सिद्धाराम मध्ये पडला. "कागदावर एवढंच लिहिलंय, हा माणूस त्या लेकराचा बाप न्हाय. आमच्याकडं तो अनोळखीच राहतोय. कुणी काय बी अर्थ काडू नये." पण अर्थ काढायला गाव सिद्धारामची परवानगी घेत नव्हतं. त्या कागदाला दोन वाटा फुटत होत्या. एका वाटेनं गेलं तर उसातला माणूस परका होता. दुसऱ्या वाटेनं गेलं तर लेकरू परक्याचं होतं. दीपमालेला एकच वाट होती, कारण जाई कुणाची हे तिला कुठल्या प्रयोगशाळेला विचारायचं नव्हतं. जगात तिला एकटीला खरं काय ते ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असून तिच्या काही कामाचं नव्हतं.

निघताना सिद्धाराम अंगणात थांबला. ती म्हणाली, "मग तो कुणाचा, साहेब?"

"काय की. हाड हाय जपून. कुणी विचारत आलं तर."

"येईल कुणीतरी. त्याच्या सदऱ्याला म्हणावं, पानी लावू नका."

चार दिवसांत गावानं निकाल दिला. दुसरी वाट चालायला सोपी होती, शिवाय मजेशीर. लग्नाला इतकी वर्षं मूल नव्हतं, मग एकाएकी कसं झालं? ढाबेवाले भाकऱ्या न्यायला येतात, कोण कोण येतात? रणधीरला कळलं असेल म्हणून तर तो चावी ठेवून गेला. ज्या ढाबेवाल्याला ती तोडून बोलली होती, त्याचंही नाव निघालं. गावाचं तोंड धरता येत नाही, दीपमालेच्या तोंडावर मात्र कुणी काही बोलत नव्हतं. बोललं असतं तर तिला उत्तर तरी देता आलं असतं.

मग सत्यभामाबाई एक दिवस तिच्या चुलीपाशी येऊन बसली. बरोबर युवराज होता. त्यांनी मिळून एक मार्ग काढला होता, आणि तो त्यांच्या समजुतीनं मायेचाच होता. त्या जळालेल्या माणसाला पुरलं तिथली मूठभर माती ढोकीहून आणायची. दर्भाचा पुतळा करायचा, त्यात ती माती घालायची आणि रणधीरच्या नावानं अग्नी द्यायचा. दहावा, तेरावा सगळं रीतसर करायचं. दीपमालेनं पुतळ्यापुढं बसायचं, बांगड्या उतरवायच्या.

"लोकं चार दिस बोलत्यात अन इसरत्यात," सत्यभामाबाई म्हणाली. "रांडमुंड बाईची लोकांस्नी दया येती. कोण मागचं काडत न्हाय मग. दादा तुला जलमभर संभाळील. शिवांजलीचं पोरगं मांडीवर घेशील. पर हे असं अधांतरी ऱ्हायलीस तर रोज कुणीतरी तेच उकरंल."

दीपमालेनं थापत असलेली भाकरी पुरी केली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग म्हणाली, "ती माती आणली म्हंजे उसातला माणूस तोच, आसं म्या म्हणल्यावानी हुतंय ना?"

"त्याशिवाय काय जाळायचं?" युवराज म्हणाला.

"अन तो उसात मेला आसं म्या म्हणले, तर जाई त्याची न्हवती आसं बी म्याच म्हणले."

सत्यभामाबाई रडायला लागली. युवराज म्हणाला, "मेलेल्या लेकराचं काय ग आता? तिला काय कळतंय, बाप कोण? तू जिती हायस. तुझं बग."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. इकडं आड, तिकडं विहीर. मेलेल्या माणसाची बायको झाली तर तिला घर होतं, भाऊ होता, चार बायकांत बसायला जागा होती, आणि रडायला मिळालं असतं. ते रडणं तिला केवढं हवं होतं. दुसऱ्या बाजूला काय होतं? रणधीर जिवंत आहे म्हणायचं. म्हणजे तो कुठंतरी जेवतो आहे, कुठल्यातरी अंगणात निजतो आहे, त्याला तामलवाडीची वाट ठाऊक आहे आणि तो येत नाही. जाई त्याची ठेवायची असेल तर आपण नवऱ्यानं टाकलेली आहोत हे कबूल करायचं. टाकलेली हा शब्द बायका सवतीच्या भांडणात सुद्धा जपून वापरतात.

भाकरी फुगली. तिनं ती विस्तवाच्या अंगाला उभी केली आणि कडक होईपर्यंत दोघांना थांबायला लावलं. मग म्हणाली, "दादा, माती आणू नको. माझा नवरा मेलेला न्हाय."

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. युवराजनं अंगणाच्या मधोमध पत्रे उभे करून वाटणी केली. दीपमालेच्या भाकऱ्या अजून जातात, थोड्या कमी जातात, पण जातात. तो ढाबेवाला मात्र येत नाही, बायकोला पाठवतो. कुणी नवीन गिऱ्हाईक येतं, टोपली उचलता उचलता मालक कुठं असतात म्हणून सहज विचारतं. तेव्हा ती हातातलं काम थांबवते, आणि पत्र्यापलीकडच्या घरात स्वच्छ ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगते, "नवरा जिता हाय माझा. मला टाकून गेलाय."